संघाची उणीव आणि गड्याची निवड

एखादा संघ सामना हरून परतला म्हणजे गांवांतील प्रत्येक चहाच्या दुकानांत त्या पराभवाची चिकित्सा सुरू होते, आणि तिचा निष्कर्ष बहुधा एकच असतो : "अमक्या जागेवर माणूस नाहीं." फुटबॉल असेल तर गोलरक्षक कच्चा ठरतो, कबड्डी असेल तर कोपऱ्यावरचा गडी, हॉकी असेल तर पेनल्टी कॉर्नर मारणारा. हें निदान सहसा खोटें नसतें. परंतु निदानावरून औषध ठरवितांना जी एक उडी घेतली जाते, तिच्याकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. जागा रिकामी आहे म्हणून पुढच्या निवडींत त्या जागेचाच माणूस घ्यावा, हें वरवर इतकें उघड वाटतें कीं, त्याला कांहीं पुरावा लागतो असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. तसें केल्यानें संघ खरोखर सुधारतो काय, या प्रश्नावर मात्र जगांत पुष्कळ पैसा आणि पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. आणि त्याचें उत्तर प्रत्येक खेळागणिक, किंबहुना प्रत्येक जागेगणिक, पालटतें.

पाळीपाळीनें गडी निवडण्याची रीत कोणत्याहि शाळेच्या पटांगणांत पहावयास मिळते. दोन मुलें पुढारी होतात, आणि एकदां यानें, एकदां त्यानें असे भिडू मागून घेतले जातात. अमेरिकेंतील धंदेवाईक फुटबॉलच्या मालकांनीं हीच रीत १९३६ सालीं उचलली व तिला ड्राफ्ट असें नांव मिळालें. तिकडे फुटबॉल म्हणतात तो खेळ अर्थात् निराळा. त्यांतला लांबट चेंडू बहुतेक वेळ हातांतच असतो आणि पायाशीं त्याची गांठ क्वचितच पडते. ड्राफ्टची कल्पना फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांची. श्रीमंत संघ पैशाच्या जोरावर चांगले गडी पळवितात आणि दुबळे संघ दुबळेच राहतात, यासाठीं मागील वर्षीं सर्वांत खालीं राहिलेल्या संघानें प्रथम निवड करावी व विजेत्यानें सर्वांच्या शेवटीं, अशी त्यांची योजना होती. त्या पहिल्या वर्षीं नऊ संघांनीं नऊ फेऱ्यांत ८१ गडी निवडले. मौज अशी कीं, जे बर्वांगर या ज्या खेळाडूची त्यांत अगदीं पहिली निवड झाली, तो धंदेवाईक फुटबॉलचा एकहि सामना पुढें कधीं खेळला नाहीं! निवड आणि खेळ यांमध्यें किती अंतर पडूं शकतें, याची एवढी स्पष्ट सूचना आरंभींच मिळाली असतांहि पुढील ऐंशी-नव्वद वर्षें निवड करणाऱ्यांचा आत्मविश्वास रतिभर कमी झाला नाहीं.

या निवडकर्त्यांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, आपल्या संघांत जें नाहीं तें प्रथम भरून काढावें. दुसरा म्हणतो, आपली पाळी येईल त्या वेळीं जो सर्वांत गुणी गडी शिल्लक असेल तो डोळे मिटून उचलावा. त्याला उभें करण्यास जागा सांपडेल. दुसऱ्या पक्षाचा आवडता दाखला बास्केटबॉलमधला आहे. १९८४ च्या ड्राफ्टमध्यें पोर्टलंड संघाची पाळी दुसरी होती. आदल्याच वर्षीं त्यांनीं क्लाइड ड्रेक्सलर हा उत्तम गडी घेतला होता, आणि ज्या जागेवर तो खेळत असे त्याच जागेचा दुसरा एक तरुण त्या दिवशीं समोर होता. तेव्हां पोर्टलंडनें हिशेब केला कीं, ती जागा भरलेली आहे, आपणांस हवा आहे तो मधल्या जागेचा उंचपुरा माणूस. त्यांनीं सॅम बोवी याला घेतलें. सोडून दिलेला तो तरुण तिसऱ्या पाळीला शिकागोनें उचलला. त्याचें नांव मायकेल जॉर्डन. त्यानें शिकागोस सहा अजिंक्यपदें मिळवून दिलीं, आणि बोवीचीं बरींच वर्षें पायाच्या दुखण्यांत गेलीं.

हा दाखला ऐकला कीं उणीव पाहून निवड करणारांचा पक्ष कायमचा निकालांत निघाला असें वाटतें. परंतु उलट बाजूचा दाखलाहि तितकाच बोलका आहे. डेट्रॉइटच्या अमेरिकन फुटबॉल संघानें २००३, २००४ आणि २००५ अशा लागोपाठ तीन वर्षीं पहिल्या फेरींतील आपली मोलाची निवड एकाच प्रकारच्या गड्यावर, म्हणजे धांवत जाऊन लांबून फेंकलेला चेंडू झेलणाऱ्यावर, खर्च केली. प्रत्येक वेळीं समर्थन हेंच कीं, हाच सर्वांत गुणी दिसला. घरांत तीन रवि झाल्या तरी दूध विरजलेलें नसेल तर लोणी कोठून निघावें? २००८ सालीं या संघानें सोळाच्या सोळा सामने हरून दाखविले, व तसें करणारा तो पहिलाच संघ ठरला. एवढ्या मोठ्या अपयशाचें खापर केवळ त्या तीन निवडींवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं, हें खरें. तरी पण गुण तेवढा पाहावा आणि जागा पाहूंच नये, या मताची मर्यादा त्यावरून दिसून येते.

यवतमाळच्या श्रोत्यांना या वादाचें मर्म समजून घेण्यास इतक्या दूर जाण्याचें वास्तविक कारण नाहीं. त्यांच्याच गांवच्या एका खेळाडूच्या कारकीर्दींत तें फार स्वच्छपणें दिसतें. आकाश चिकटे हा भारताच्या हॉकी संघाचा माजी गोलरक्षक मूळचा यवतमाळचा. तो राष्ट्रीय संघांत आला त्या वेळीं भारताला गोलरक्षकाची उणीव मुळींच नव्हती. केरळचा श्रीजेश गोलांत उभा होता; तो जगांतील नांवाजलेल्या गोलरक्षकांपैकीं एक होता. हॉकीचा गोलरक्षक पडला विचित्र प्राणी. आघाडीचे दोन गडी चांगले असले तर दोघांनाहि खेळवितां येतें, तिसरा असला तर त्याला आळीपाळीनें आंत घेतां येतें. गोलांत मात्र एकच उभा राहतो आणि दुसरा बांकावर बसतो. जागा पाहून हिशेब करणाऱ्याच्या वहींत हा दुसरा गोलरक्षक म्हणजे वायां घालविलेली जागा होय.

२०१६ च्या ऑक्टोबरांत मलेशियांतील क्वांतान येथें आशियाई चॅंपियन्स करंडकाची स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यांत कोरियाविरुद्ध श्रीजेशनें संघाला तारलें, पण दुखापतीमुळें अंतिम सामन्यांत त्याला उतरतां आलें नाहीं. समोर पाकिस्तान. अशा सामन्यांत गोलांत उभें राहण्याचा प्रसंग यवतमाळच्या या गड्यावर आला, आणि भारतानें तो सामना ३-२ असा जिंकला. पुढल्या वर्षीं श्रीजेशचा गुडघा दुखावला व तो कित्येक महिने खेळूं शकला नाहीं. त्या अवधींत ढाका येथें आशिया चषक होता. चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा या दोन गोलरक्षकांना घेऊन गेलेल्या संघानें २२ ऑक्टोबर २०१७ रोजीं मलेशियास २-१ असें हरवून दहा वर्षांनीं तो चषक परत आणला. त्याच वर्षीं डिसेंबरांत भुवनेश्वरला जागतिक हॉकी लीगच्या अखेरच्या स्पर्धेंत बेल्जियमशीं गांठ पडली. सामना ३-३ असा बरोबरींत सुटला, आणि मग एकेका गड्यानें एकटें गोलरक्षकावर चालून जाण्याची ती जीवघेणी पद्धति सुरू झाली. ऑलिंपिकचें रौप्यपदक मिळविलेल्या त्या संघाचे एकामागून एक गडी चिकटे यानें परतविले, व भारत ३-२ नें पुढें गेला. त्या स्पर्धेंत भारताला कांस्यपदक मिळालें.

यांतली ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट म्हणजे तारखा. उणीव उत्पन्न झाली ती २०१६ च्या ऑक्टोबरांत, अगदीं ऐन वेळीं. तिच्यावरचा उपाय मात्र त्यापूर्वींच, कोणतीहि उणीव दिसत नसतांना, शिबिरांत घडवून ठेवलेला होता. अंतिम सामन्याच्या आदल्या रात्रीं कोणत्याहि बाजारांत गोलरक्षक विकत मिळत नाहीं. अमेरिकेंत ग्रीन बे या संघानें २००५ सालीं असेंच केलें. त्यांच्यापाशीं ब्रेट फार्व हा विख्यात खेळाडू चेंडू फेंकण्याच्या मुख्य जागेवर असतांना त्यांनीं त्याच जागेचा आरन रॉजर्स हा तरुण चोविसाव्या पाळीला घेतला. तीन वर्षें तो जवळजवळ बसूनच होता, व तोंवर निवड करणारांना पुष्कळ बोल खावे लागले. २००८ मध्यें फार्व गेला, रॉजर्स उभा राहिला, आणि २०११ च्या फेब्रुवारींत ग्रीन बे अजिंक्य ठरलें. म्हणजे उणीव भरूं नये असें कोणी शहाणा म्हणत नाहीं. कोणत्या दिवसाची उणीव भरावयाची, आजची कीं तीन वर्षांनंतरची, एवढाच खरा वाद आहे. आणि तीन वर्षांनंतरची उणीव कोणालाच दिसत नसल्यामुळें, तिच्यासाठीं गुणी माणूस जवळ असणें याखेरीज दुसरी तरतूद करतां येत नाहीं.

आतां खेळाखेळांतला भेद. क्रिस अँडरसन आणि डेव्हिड सॅली या दोघा अभ्यासकांनीं २०१३ सालीं फुटबॉलच्या आंकडेवारीवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. (हा फुटबॉल मात्र पायानें खेळण्याचा, आपल्याकडचा.) त्यांचें प्रतिपादन असें कीं, फुटबॉल हा दुबळ्या कडीचा खेळ आहे. अकरांपैकीं सर्वांत चांगला गडी आणखी चांगला करण्यापेक्षां सर्वांत वाईट गडी थोडा बरा केल्यानें संघाला अधिक लाभ होतो. गोल इतके थोडे होतात, कीं एका बचावकर्त्याची एक चूक नव्वद मिनिटांची मेहनत मातींत घालूं शकते. ही विचारसरणी त्यांनीं अर्थशास्त्रांतून घेतली. मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञानें १९९३ सालीं दाखविलें होतें कीं, अनेक कामांची साखळी असलेल्या उद्योगांत एका कामाची हयगय बाकी साऱ्यांच्या कौशल्याला मातीमोल करते; आणि त्यानें आपल्या सिद्धांताला नांव दिलें होतें तें १९८६ सालीं चॅलेंजर हें अंतराळयान ज्या रबरी कड्याच्या दोषामुळें नष्ट झालें त्या कड्याचें. यवतमाळच्या काळ्या जमिनींत कापूस करणारा शेतकरी हेंच दुसऱ्या शब्दांत जाणतो. पऱ्हाटीला पाणी कमी पडलें असेल तर वरखताचीं पोतीं ओतून बोंडें वाढत नाहींत.

बास्केटबॉलमध्यें स्थिति उलट आहे. मैदानांत पांचच गडी, गुण शेंकड्यांनीं मोजावयाचे, आणि एकच समर्थ माणूस वारंवार चेंडू आपल्या हातीं घेऊन सामना ओढून नेऊं शकतो. तेथें जॉर्डनसारखा माणूस सोडणें ही घोडचूक ठरते. अकरा गड्यांच्या फुटबॉलमध्यें आघाडीवर जॉर्डन उभा केला, तरी मागें गोलरक्षकाच्या हातांतून चेंडू निसटत असेल तर त्या वैभवाचा उपयोग काय? अर्थात् गुणपक्षाचा मोठ्यांत मोठा दाखला फुटबॉलला लावणें हें मुळांतच चुकीचें आहे.

आपल्या देशांतहि फुटबॉलचा ड्राफ्ट झालेला आहे. इंडियन सुपर लीग सुरू होण्यापूर्वीं २०१४ च्या जुलैंत मुंबईस देशी खेळाडूंची निवड झाली. त्यांत दोन संघांची स्थिति निराळी होती. गोव्याच्या संघाच्या मालकींत डेम्पो क्लबच्या मालकांचा भाग असल्यामुळें एकमेकांचा खेळ वर्षानुवर्षें ओळखणारी डेम्पोची मंडळी त्याला आयती मिळाली, आणि ईशान्येच्या संघाला शिलाँग लाजाँगची. बाकीच्यांनीं जागा पाहून गडी जमविले. साखळी सामन्यांच्या शेवटीं गोवा दुसरा आला, ईशान्येचा संघ सर्वांत तळाला राहिला. मुंबई व पुणें हे दोन्ही संघहि पहिल्या चारांत आले नाहींत. एका हंगामावरून सिद्धांत काढूं नये हें खरें, पण एकत्र वाढलेली मंडळी घेतली कीं संघ आपोआप जुळतो, ही आवडती समजूत तेवढ्यानें तरी डळमळीत व्हावी.

कबड्डीचा अनुभव यापेक्षां पुष्कळ शिकविणारा आहे, आणि विदर्भांतल्या घराघरांत तो अधिक परिचयाचाहि असेल. प्रो कबड्डी लीगमध्यें गडी लिलावानें घेतले जातात. २०२२ सालीं पवन सेहरावत या चढाईपटूसाठीं तामिळ थलैवाज संघानें दोन कोटि सव्वीस लक्ष रुपये मोजले. हंगामाच्या पहिल्याच सामन्यांत पवनचा गुडघा दुखावला आणि तो बाहेर बसला. संघ बुडाला असेंच कोणीहि म्हटलें असतें. परंतु त्याच्या गैरहजेरींत नरेंदर हा पहिल्यांदाच खेळणारा तरुण पुढें आला, त्यानें हंगामांत चढाईचे दोनशेंहून अधिक गुण मिळविले, आणि तामिळ संघ त्यापूर्वीं कधीं पोहोंचला नव्हता त्या उपांत्य फेरींत पोहोंचला. पुढल्या हंगामासाठीं तोच पवन तेलुगू टायटन्सनें दोन कोटि साठ लक्षांहून अधिक रकमेस घेतला. या वेळीं तो खेळलाहि चांगला. पण बावीस सामन्यांत दोनच विजय मिळवून टायटन्स सर्वांत शेवटीं राहिले. चढाईवाला कितीहि मोठा असला तरी तो एका वेळीं एकच चढाई करतो, आणि परत आल्यावर समोरच्याला धरण्याचें काम उरलेल्या सहांचें असतें.

त्याच हंगामांतली पुणेरी पलटणची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. २०२२ च्या डिसेंबरांत ते अंतिम सामना हरले होते. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे हे तरुण चढाईवाले त्यांनीं स्वतःच्या हाताखालीं वाढविलेले होते व ते संघांत कायम होते. पण डाव्या कोपऱ्यावरचा फजल अत्राचली हा इराणी बुरूज त्यांच्याकडून निघून गुजरातकडे गेला. म्हणजे सहा जागा भरलेल्या आणि एक जागा उघडी, अशी ही उणीव कोणालाहि बोटानें दाखवितां येण्यासारखी होती. पलटणनें दोन कोटि पस्तीस लक्ष रुपये टाकून मोहम्मदरेझा शादलूई हा दुसरा इराणी गडी त्याच डाव्या कोपऱ्यासाठीं घेतला. त्या हंगामांतला तो सर्वांत यशस्वी बचावपटू ठरला, व १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें हरियाणाला २८-२५ असें हरवून पलटण प्रथमच अजिंक्य झाली. उणीव पाहून केलेल्या निवडीचा याहून शुद्ध विजय सांपडणें कठीण. गुणपक्षाचा मनुष्य लगेच म्हणेल कीं, शादलूई हा त्या लिलावांतला सर्वांत चांगला बचावपटूच होता, तेव्हां येथें गुण आणि गरज एकाच माणसाच्या रूपानें आलीं. आणि या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. तरीहि टायटन्सनें घेतलेला गडी त्याच्याहून कमी गुणी नव्हता. फरक पडला तो भोंवतालच्या सहांमुळें. उरलेलें घर बांधून झालें असेल तरच एका चौकटीवर एवढा पैसा ओतणें पचतें.

मग बाकीच्यांचें चुकतें कोठें? आपल्याकडे म्हण आहे, गरजवंताला अक्कल नसते. आणि ती ड्राफ्टच्या बाबतींत जवळजवळ गणितानें सिद्ध झालेली आहे. केड मॅसी व रिचर्ड थेलर या दोघांनीं अमेरिकन फुटबॉलच्या कित्येक वर्षांच्या निवडी तपासल्या. (थेलर यांना २०१७ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.) त्यांनीं विचारलेला एक प्रश्न फार साधा होता : एकाच जागेचे दोन गडी एकामागून एक निवडले गेले, तर आधीं निवडलेला हा मागाहून निवडलेल्यापेक्षां पुढें सरस ठरतो काय? उत्तर निघालें तें निम्म्याहून किंचित् अधिक वेळां. नाणें उडविलें असतें तरी जवळजवळ हाच निकाल लागला असता! तरीहि संघ पहिल्या पाळ्यांसाठीं पुढील वर्षांच्या कित्येक निवडी गहाण टाकतात, कारण आपल्याला हवा तो माणूस दुसरा कोणी नेईल ही धास्ती. हंगाम भरांत असतांना सरकी काढण्याच्या कारखान्यांत कापूस कमी पडला म्हणजे मालक बाजारांत येतो, व्यापारी त्याच्या चेहऱ्यावरून त्याची निकड ओळखतो, आणि भाव चढतो. खेळाडूंचा बाजार याला अपवाद नाहीं.

या संशोधनाचा उपयोग दोन्ही पक्ष आपापल्या परीनें करतात, पण त्यांतून निघणारा व्यवहार तसा गुंतागुंतीचा नाहीं. दोन गड्यांतला फरक डोळ्यांना जेमतेम दिसत असेल तर तो फरक बहुधा खरा नसतो. अशा वेळीं उणीव पाहून निवड करण्यांत तोटा कांहींच नाहीं. फरक डोंगराएवढा असेल तर जागा भरलेली आहे म्हणून मोठा गडी सोडणें शहाणपणाचें नव्हे. आणि गडी आजच खेळावयाचा असेल, जसा कबड्डीच्या लिलावांत, तर उणिवेचा विचार अधिक करावा. गडी पंधरा वर्षांचा असेल आणि खरा खेळ पांच वर्षांनीं व्हावयाचा असेल तर तो कमी करावा, कारण तोंवर आजच्या भरलेल्या जागा रिकाम्या होतात आणि आजच्या रिकाम्या जागांवर कोणीतरी येऊन बसलेला असतो.

आणखी एक मार्ग उरतो, व त्याची चर्चा फार थोडी होते. उणीव नवा माणूस आणूनच भरली पाहिजे असें नाहीं. गोव्याचा मंदार राव देसाई डेम्पोंतून आला तो डाव्या बाजूनें पुढें धांवणारा आघाडीचा गडी म्हणून. पुढें सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश शिक्षकाच्या हाताखालीं त्याला त्याच डाव्या बाजूला मागें, बचावांत उतरविण्यांत आलें. धांवण्याची संवय, बाजूची ओळख आणि डावा पाय त्याच्यापाशीं होतेच; शिकावयाचें उरलें तें पाठीमागें लक्ष ठेवणें. या नव्या जागेवरून तो भारताच्या संघांत खेळला. २०१९-२० मध्यें साखळींत पहिलें येऊन गोव्यानें ढाल मिळविली त्या संघांत तो होता, आणि मुंबईला गेल्यावर २०२०-२१ च्या हंगामांत साखळीची ढाल व अंतिम चषक अशीं दोन्ही बक्षिसें घेणाऱ्या संघांतहि होता. त्या डाव्या बचावाच्या जागेसाठीं कोणत्याहि लिलावांत एक पैसाहि मोजावा लागला नव्हता. शिक्षकाच्या नजरेची किंमत मात्र वेगळी धरावी लागेल.

जिल्ह्याच्या संघाची निवड करणाऱ्यांपुढें लिलाव नसतो व कोटींचे आंकडे नसतात. पण प्रश्न हाच असतो, आणि एका अर्थानें तो तेथें अधिक कठोर होतो. यवतमाळ जिल्ह्याचे सोळा तालुके. पुसद-उमरखेडपासून वणी-मारेगांव-झरी जामणीपर्यंतचीं मुलें चाचणीसाठीं पहांटेची एस. टी. धरून येतात. त्यांच्यासमोर अर्धा दिवस असतो. मधल्या फळींत चार चांगलीं मुलें आधींच निवडलेलीं आहेत म्हणून त्याच जागेच्या पांचव्या चांगल्या मुलाला परत पाठविलें, आणि उजव्या बचावाची जागा रिकामी म्हणून एका बेताच्या मुलाला घेतलें, तर त्या वर्षींचा तक्ता नीट भरतो. परत गेलेल्या मुलाला मात्र बहुधा दुसरी चाचणी मिळत नाहीं. दहावीचें वर्ष येतें, शेतीचें काम येतें, आणि बूट धाकट्या भावाकडे जातात. धंदेवाईक संघानें सोडलेला गडी दुसरा संघ उचलतो, जसा शिकागोनें जॉर्डन उचलला. झरी जामणीच्या मुलाला उचलणारा तिसऱ्या पाळीचा संघ नसतो.

राज्याच्या क्रीडा प्रबोधिनींत लहान मुलांना घेतांना शारीरिक क्षमतेच्या चाचण्या घेतात. अमुक जागेचा खेळाडू हवा असें तेथें म्हटलें जात नाहीं, व तें योग्यच आहे. जिल्ह्याच्या निवडींतहि अठरा नांवांपैकीं पहिलीं अकरा-बारा जागा पाहून घ्यावीं, कारण सामना पुढल्या आठवड्यांत असतो आणि दुबळ्या कडीचा नियम तेथेंहि लागू होतो. प्रश्न उरतो तो यादीच्या शेवटच्या पांच-सहा नांवांचा. तीं बहुतेक ठिकाणीं घाईनें, संध्याकाळची गाडी गांठण्यापूर्वीं, ओळखीपाळखीनें किंवा "प्रत्येक जागेला एक राखीव" अशा हिशेबानें भरलीं जातात. पांचवा मधल्या फळीचा मुलगा उजव्या बचावांत अर्धा तास उभा करून पाहण्यास लागतो तो अर्धा तासच. आणि दुसरा गोलरक्षक, ज्याला बहुधा संबंध स्पर्धेंत एकदांहि आंत जावें लागत नाहीं, त्याचें नांव यादींतून खोडण्यापूर्वीं क्वांतानचा अंतिम सामना आठवावयास कोणत्याहि खर्चाची मंजुरी लागत नाहीं.